मागच्या खोलीतला थर्माकोल

मागच्या खोलीचं दार आत उघडायचं नाही. बाबांनी बिजागऱ्या काढून ते बाहेर उघडेल असं करून घेतलं होतं, कारण आत ढकलायला जागाच उरली नव्हती. घर रिकामं करायला म्हणून ती आली, आणि सुरुवात मागून करावी असं ठरवून तिनं ते दार ओढलं, तर वरून एक ठोकळा सुटून तिच्या खांद्यावर आला. उशीएवढा जाड, हातभर लांब. लागलं काहीच नाही. एवढी मोठी वस्तू अंगावर पडावी आणि काहीच लागू नये, याचं तिला एकदम रडू आलं. दवाखान्यातून बाबांना शेवटचं घरी आणलं तेव्हाही आलं नव्हतं.

"वरचा पडला ना?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दार उघडताना एक हात वर धरायचा असतो. ते धरायचे."

खोलीत जमिनीपासून छतापर्यंत थर्माकोल होता. कोपरे, पट्ट्या, चौकटी, गोल भोकं पाडून उरलेले पत्रे. पुढचा पांढरा, मागचा पिवळट, आणि अगदी आतला कसा असेल ते बाबा सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

बाबा पॅकर होते. प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नळ्या, चंबू, बाटल्या, नाजूक तराजू. प्रत्येक वस्तूच्या मापाची खोबण थर्माकोलात तापलेल्या तारेनं कापायची, वस्तू तिच्यात बसवायची, वर झाकण, मग खोकं. खोकं बंद झालं की ते कानाशी धरून हलवायचं. आतून जरा जरी आवाज आला तरी पुन्हा उघडायचं. त्यांच्या खोक्यातली काच फुटली अशी तक्रार कधी आली नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत, आई सांगायची.

कापून उरलेला थर्माकोल कारखान्याच्या मागे एका ड्रममध्ये जाळत. ज्याची नोकरी सगळ्यात नवी, त्यानं काठी घेऊन ड्रमशी उभं राहायचं, असा तिथला रिवाज. बाबांनी सुरुवातीची वर्षं तशीच काढली. धूर काळा, चिकट. अंगावर काजळीचे धागे बसत आणि ते पाण्यानं निघत नसत. आई त्यांना कपडे बाहेर काढायला लावायची. मग पुढे ते पॅकिंगचे मुख्य झाले, आणि ड्रमशी कोणाला उभं करायचं हे ठरवणं त्यांच्याकडे आलं. त्यांनी कोणालाच उभं केलं नाही. त्याबद्दल ते कोणाशी भांडले नाहीत की कोणाला अर्ज दिला नाही. संध्याकाळी सुटताना उरलेला माल पोत्यांत भरायचे आणि सायकलला बांधून घरी आणायचे. कचरा आपोआप जातोय म्हटल्यावर मालकाचीही ना नव्हती.

सायकलवरून तो एवढा मोठा पांढरा भारा आणि खाली दोन पाय, एवढंच गल्लीतून यायचं. लोक त्यांना 'ढगवाले' म्हणू लागले. शाळेत तिला 'ढगवाल्यांची' म्हणत. त्या काळात तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सुरुवातीला या मालाचं काहीतरी करायचं असा बाबांचा बेत होता. त्यांनी छपराखाली पत्रे बसवले, खोली जरा गार राहिली. मग उंदरांनी त्यात घरं केली आणि रात्रंदिवस करकर सुरू झाली. कुंड्यांच्या तळाशी तुकडे घातले, तर पाणी घातलं की ते माती सोडून वर येऊन तरंगायचे. चुरा भरून गाद्या केल्या. त्या गाद्यांवर बसलं की माणूस बुडायचा, आणि उठला की त्याच्या पाठीला, केसांना, पापण्यांना दाणे चिकटलेले. पाहुणे यायचे कमी झाले. शेवटी बाबांनी हात टेकले आणि तो माल नुसता नीट रचून ठेवू लागले.

त्या धुरानं धरलेली बाबांची छाती शेवटी गेलीच. दवाखान्यात बोलणं थांबण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला जवळ बोलावलं. तिला वाटलं, आईबद्दल काही सांगतील.

"मागची खोली," ते म्हणाले. "जाळू नका."

"नाही जाळणार, बाबा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

एवढंच झालं होतं. आता घरमालकाला महिनाअखेर घर मोकळं हवं होतं, आई तिच्याकडे राहायला येणार होती, आणि तिनं शब्द दिलेला होता.

भंगारवाला दारात आला, खोलीत डोकावला आणि दोन पावलं मागे सरला.

"हे काय देताय, ताई?"

"घ्या ना. पैसे नकोत."

"पैसे तुम्ही दिलेत तरी नको. माझी अख्खी गाडी भरेल आणि काटा हलणार नाही. लोखंड बघा की काही. पितळ? जुना पंखा?"

"पंखा आहे. पण हे घेतलंत तर देते."

तो हसला. "मग पंखा राहू द्या तुमच्याकडेच. गरम होतंय."

कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस त्याहून मोकळा होता. रोज एखादी पिशवी टाका, मी बघितलं नाही असं करीन, पण खोली नका सांगू, म्हणाला.

"पण टाकलं तर तिकडे त्याचं काय होतं?" तिनं विचारलं.

"तिकडे डोंगर आहे कचऱ्याचा. त्याला आग लागलेली असते."

"कोण लावतं?"

"कोणी लावत नाही, बाई. ती आपली लागते." आणि त्यानं गाडीच्या पत्र्यावर थाप मारून गाडी पुढे न्यायला सांगितली.

आईचा धाकटा भाऊ, मामा, टेंपोवर फरशा वाहायचा. सामान हलवायला तो येणार होताच. खोली बघून त्यानं कमरेवर हात ठेवले.

"दाजींनी जन्मभर कमावलं काय, तर हवा. तीही पांढरी."

"तुझ्यापेक्षा बरं," आई म्हणाली. "तू कमावलंस ते पोट."

"ताई, पोट निदान बरोबर नेता येतं. हे कुठे नेणार? मी सांगतो, पलीकडच्या मोकळ्या जागेत रचायचं, एक काडी लावायची. मी उभा राहतो काठी घेऊन. चहा होईपर्यंत साफ."

 आईनं मामाकडे नुसतं बघितलं. मामानं टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. "बरं, नाही तर नाही," तो म्हणाला.

तिनं फ्रिज जिथून घेतला होता त्या दुकानापासून फोन करायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, आम्ही थर्माकोल देतो, परत घेत नाही. त्यानं कंपनीचा नंबर दिला, कंपनीनं आणखी एक दिला, आणि असं एकाकडून दुसऱ्याकडे जात ती शेवटी हमरस्त्यापलीकडच्या एका केंद्रापर्यंत पोचली. तिथे थर्माकोल वितळवून त्याच्या विटा करायचं मशीन होतं. फोनवरच्या माणसानं अटी अशा सांगितल्या की जणू मुलगी बघायला येतोय. पांढरा हवा, कोरडा हवा. चिकटपट्टी नको, लेबल नको, माती नको. पिवळा असला तर बघून सांगू.

मग मायलेकी पुढच्या खोलीत बसल्या आणि चिकटपट्ट्या काढू लागल्या. काम सोपं दिसायचं, पण पट्टी ओढली की थर्माकोलचा पापुद्रा तिच्याबरोबर यायचा आणि दाणे अंगभर व्हायचे. झाडायला गेलं की हाताला चिकटायचे, या हातावरून त्या हातावर जायचे. आईची नखं बारीक होती, तिला चांगलं जमायचं. मधूनच ती एखादा तुकडा उजेडाकडे धरायची.

"ही लांब नळीची खोबण. ह्यातली अर्धी वाकडी गेली म्हणून टाकलेली."

"तुला कसं कळतं?"

"जेवताना दुसरं काय बोलायचे ते?"

तिनं तो तुकडा हातात घेतला. खोबणीच्या कडा गुळगुळीत होत्या, तारेनं कापलेल्या, बोट फिरवलं तर कुठे खरखर लागत नव्हती. वाकडेपण तिला दिसलं नाही.

लेबलांचा गोंद मात्र नखांनी निघेना. तिनं नखांचा रंग काढायचं औषध कापसावर घेतलं आणि एका जाड ठोकळ्यावर पुसलं. गोंद गेला. त्याच्याबरोबर ठोकळाही जाऊ लागला. गरम सुरी लोण्यात जावी तसा कापूस आत उतरला, आणि बघता बघता एक ओला, चिकट खड्डा पडला. वास खोलीभर पसरला. आईनं उठून खिडकी उघडली.

"त्यांना विचारलं असतंस तर त्यांनी..." आई बोलता बोलता थांबली. मग खाली बसून दुसरा तुकडा घेतला.

जसजशी खोली रिकामी होत गेली तसतशी आईची भूक कमी होत गेली. मागची भिंत दिसली त्या दिवशी तिनं जेवण तसंच झाकून ठेवलं. भिंतीला मूळचा हिरवा रंग होता. दोघींनाही तो आठवत नव्हता.

टेंपो भरायला मामा सकाळीच आला. पोत्यांत न मावणारे पत्रे आणि ठोकळे त्यानं हौद्यात उंच रचले आणि फरशांना बांधायची ती जाड दोरी काढली.

"इतकं आवळू नको रे," आई म्हणाली.

"ताई, माझ्या दोरीखालून आजवर एक फरशी हललेली नाही. तू आत बस. गाडी मी भरतोय."

त्यानं टेंपोच्या कडेला पाय लावून दोरी खेचली. आतून करकर आवाज आला. त्याला तो घट्ट बसल्याचा आवाज वाटला. लेकीलाही वाटला. दोरी थर्माकोलात सुरीसारखी उतरत होती, आणि जी माणसं जन्मभर जड वस्तूंशी वागली त्यांना हलक्या वस्तूचं हे कळणार कसं? घरात ज्याला कळायचं तो माणूस नव्हता.

गावातून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. हमरस्त्याला लागल्यावर मामानं वेग घेतला. मागचा एक मोटारसायकलवाला सारखा भोंगा वाजवू लागला.

"जा बाबा, जा पुढे," मामा म्हणाला. "रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

मोटारसायकलवाला पुढे गेला नाही. शेजारी आला आणि हातानं मागे बघा, मागे बघा अशी खूण करू लागला. तिनं आरशात पाहिलं. मागचा रस्ता पांढरा झाला होता.

दोरीनं कापलेल्या जागेतून वारा आत शिरला होता आणि पत्रे एकेक करून उडत होते. काही उडून बाजूच्या कुरणात पडले. काही रस्त्यावर आले, त्यांच्यावरून मागची वाहनं गेली आणि त्यांचे दाणे झाले. ट्रक गेला की ते सगळे दाणे त्याच्यामागे धावायचे, थोडं जाऊन थांबायचे. दुसरा ट्रक गेला की पुन्हा धावायचे.

तिघं खाली उतरली. जे सापडेल ते उचललं. चरात पाणी होतं, त्यात पडलेले तुकडे चिखलानं माखले होते. ते आता केंद्र घेणार नव्हतं. कुरणात गायी चरत होत्या आणि मान वर करून बघत होत्या. मामानं सीट उचलून खालून एक ताडपत्री काढली.

"ताडपत्री होती?" ती म्हणाली.

"होती." तो तिच्याकडे न बघता ती पसरू लागला. "फरशांना लागत नाही." मग जरा वेळानं, "ताई, चूक माझी."

"फरशांना आवळावंच लागतं," आई म्हणाली. "चल. ते बंद करतील. उरलेलं येताना उचलू."

केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड होती. आतला माणूस टेंपोत चढला, तुकडे उलटे पालटे करून बघितले, आणि दोन ढीग लावले. एक घ्यायचा, एक परत न्यायचा. परत न्यायच्या ढिगात पिवळे होते, गोंदाचे डाग राहिलेले होते, आणि आईनं उजेडाकडे धरून पाहिलेले बरेच होते. घेतलेला माल त्यानं काट्यावर ठेवला. काटा हलला, पण जेमतेम.

"एवढंच?" आई म्हणाली.

"हवाच असते यात. वीट केली की हातात मावेल." तो चांगुलपणानं बोलत होता. "मशीन लगेच नाही लावत. शेड भरू द्यावी लागते."

"कधी भरेल?"

"लोक पट्ट्या काढून आणतील तेव्हा." त्यानं शेडकडे पाहिलं. ती अर्धीही भरलेली नव्हती.

"जाळणार नाही ना?" आईनं विचारलं.

"आजी, जाळायचंच असतं तर तुम्हाला पट्ट्या काढायला कशाला बसवलं असतं?"

आईनं मान हलवली. तिचं समाधान झालं की नाही ते कळलं नाही.

परत येताना धूर लांबूनच दिसला. काळा, सरळ वर न जाता एका बाजूला कलणारा. तिला तो बघताक्षणी समजला. मामालाही समजला, कारण त्यानं न सांगता वेग कमी केला.

कुरणात एक माणूस दाताळ्यानं तुकडे ओढून एका ढिगात लोटत होता, आणि ढीग पेटलेला होता. त्यानं चरातलेसुद्धा काढले होते. कुरण पुष्कळसं साफ दिसत होतं. तिच्या तोंडाशी बरंच काही आलं. ती चर ओलांडून गेली तेव्हा ते सगळं तसंच तोंडाशी होतं.

"तुमचा होता का?" त्यानंच विचारलं. "नीट बांधत जा हो. गायी खातात. गेल्या वर्षी माझी एक गेली. पोट फाडलं तर आत हेच, आणि पिशव्या. धुतलेल्या कापसासारखं निघालं."

 माणूस खरं बोलत होता आणि त्याच्या गायी मागे उभ्या होत्या. दाणे गवताच्या मुळांत गेले होते, ते काही त्याच्या दाताळ्यात आले नव्हते आणि कोणाच्याच हाताला येणार नव्हते. नाही जाळणार, बाबा, असं ती म्हणाली होती. ते तिनं कानाशी म्हटलं होतं, म्हणजे त्यांना नक्की ऐकू गेलं होतं.

तेवढ्यात आई तिच्या शेजारून पुढे गेली. ती सरळ त्या माणसाजवळ गेली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"इकडे या. वारा तिकडे चाललाय."

"काही होत नाही, मावशी. सवय आहे मला."

"हो," आई म्हणाली. "त्यांनाही होती."

कोणाला, हे त्यानं विचारलं नाही. तो बाजूला सरेपर्यंत आईनं दंड सोडला नाही. मग दोघं विस्तवाच्या या अंगाला उभी राहिली, आणि धूर दुसरीकडे, जिथे कोणी नव्हतं तिकडे, जात राहिला. आईच्या केसांवर एक काजळीचा धागा बसला होता. लेकीनं तो काढायला हात नेला, मग काढला तर फासला जाईल म्हणून तसाच राहू दिला.

ढीग लवकर बसला. त्या माणसानं टेंपोकडे पाहिलं. ताडपत्रीखालून परत आलेल्या मालाचे पिवळे कोपरे दिसत होते.

"तेही द्यायचं असेल तर द्या," तो म्हणाला. "आग आहे तोवर होऊन जाईल."

मामानं टोपी काढून आतून पुसली.  तिनं आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "शब्द तू दिलास. मी नव्हता दिला."

 तिच्या घरी दोन खोल्या होत्या आणि त्यांपैकी एक आता आईची होणार होती. तिच्या घराच्या भिंतींना कुठे रिकामी जागा आहे का हे तिला डोळे मिटूनही दिसत होतं, आणि तशी जागा नव्हती. त्या एवढ्याशा ढिगानं बाबांना दिलेल्या शब्दातलं आता काय राखलं जाणार होतं, तेही तिला सांगता आलं नसतं. बराचसा माल तर तिच्या डोळ्यांसमोर धूर होऊन गेला होता.

"नको," ती म्हणाली. "घरी नेते."

माणसानं खांदे उडवले आणि दाताळ्यानं राख पसरायला लागला. राख ती नव्हतीच, एक काळा चिकट गोळा होता, तो दात्यांना धरून बसत होता. मामानं मागे जाऊन ताडपत्रीच्या कडा आत खोचल्या, एकदा नाही, सगळीकडून फिरून. मग तिघं पुढे बसली. धुराचा वास काच वर केल्यावरही आतच राहिला.

गाव दिसू लागलं.

"माझ्या खाटेखाली मावेल," आई म्हणाली.

तो माल मावणार नव्हता. खाट विकत घेताना लेकीनंच तिची मापं घेतली होती.

"मावेल," ती म्हणाली.